मेन स्विच कुणाच्या हातात?



या खेपेचं संपादकीय घरातल्या विजेच्या बोर्डावर आहे. पोटगी, रेशन, पाणी, पोलीस ठाण्यातल्या खेपा हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या रांगेत फ्यूज आणि एमसीबी कुठून येऊन बसल्या, असं काहीजणींना वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गटांच्या बैठकांना जात होते, तेव्हा एकच गोष्ट निरनिराळ्या तोंडांनी ऐकायला मिळाली. "फ्रिज उघडताना चिमटा बसतो." "नळ सोडला की हाताला मुंग्या येतात." "मोरीच्या भिंतीला पावसात हात लावायची सोय नाही." आणि त्यापाठोपाठ ठरलेलं दुसरं वाक्य: "ह्यांना सांगितलं, तर म्हणतात मला कुठे काय लागतं?"

हे दुसरं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी त्याच्यावरच थांबावंसं वाटलं. बाई म्हणते, मला लागतं. घरातला पुरुष म्हणतो, मला लागत नाही, म्हणजे तुला भास होतो. सासूबाई म्हणतात, आमचं आयुष्य गेलं, चिमटे बसतातच, सवय होते. डॉक्टरकडे गेलेल्या बाईची कंबरदुखी जशी 'मनाची' ठरते, तसाच हा विजेचा झटकाही मनाचाच ठरतो.

खरी गंमत अशी की नवरा खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच लागत नाही. तो बाहेरून येतो, पायात रबरी चप्पल असते, हात कोरडे असतात, फ्रिज उघडून पाण्याची बाटली घेतो आणि जातो. आपण स्वयंपाकघरात अनवाणी असतो. फरशी नुकतीच पुसलेली, हात पिठाचे नाहीतर भांडी घासून ओले. फ्रिजच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीकडे जायला वाट शोधत असते. चपलेमुळे त्याच्या अंगातून ती वाट बंद होते, आपल्या अंगातून उघडी राहते. कोरडी कातडी विजेला बरीच अडवते, ओली फारच कमी. ओल्या अंगाचा अडथळा हजार ओहमच्या आसपास धरला, तर घरातल्या २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. त्यातला जेमतेम सहावा-सातवा हिस्सा, म्हणजे तीस-चाळीस मिलिअँपिअर, काही क्षण छातीतून गेला तरी हृदयाचे ठोके बिघडायचा धोका सुरू होतो. तेव्हा चिमटा बसतो म्हणजे काय, तर आज वाट अर्धवट उघडी आहे. उद्या फरशी जास्त ओली असेल.

म्हणून पहिली गोष्ट. चिमटा ही तक्रार आहे, सवय लावून घ्यायची वस्तू नाही. ज्या वस्तूला चिमटा बसतो ती त्याच दिवशी बंद करायची, भिंतीवरचं बटण आधी, मग प्लग बाहेर, तेही कोरड्या हाताने आणि पायात चप्पल घालून. चिमटा नळाला किंवा भिंतीला बसत असेल तर मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचं.

आता हा मेन स्विच कुठे आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? रोह्याच्या एका बैठकीत मी विचारलं. तेवीसजणी होत्या. घरात बोर्ड कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्याच्यावरची धूळ त्याच झाडतात. त्यातलं कोणतं बटण काय करतं हे चौघींना माहीत होतं. त्या चौघींपैकी तिघी एकट्या राहणाऱ्या निघाल्या, दोघी विधवा, एक नवऱ्याने टाकलेली. घरात पुरुष असला की बोर्ड त्याचा, नसला की बाईचा. मधल्या काळात शिकायची वेळच कुणी येऊ देत नाही.

तर बोर्ड उघडून पाहू. म्हणजे झाकण उचलून बघायचं फक्त, स्क्रू काढायचे नाहीत. मीटरपर्यंतची वायर आणि मीटर महावितरणच्या अखत्यारीत. (गावात अजून 'बोर्डाची लाइट' म्हणतात, पण वीज मंडळाचं २००५ मध्ये विभाजन झालं आणि घरोघर वीज देण्याचं काम महावितरणकडे आलं.) मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. ते तोडलं तर २००३ च्या विद्युत कायद्याखाली गुन्हा आपल्यावर येतो. मीटरच्या पुढे आपलं घर सुरू होतं. तिथे मेन स्विच, त्याच्यापुढे बऱ्याच घरांत चाचणीचं छोटं बटण असलेली एक रुंद खटकी, आणि तिच्यापुढे बारीक खटक्यांची रांग. या बारीक खटक्या म्हणजे एमसीबी. त्यांच्यावर ६, १०, १६, २०, ३२ असे आकडे लिहिलेले असतात, तेवढे अँपिअर ती खटकी वाहू देते. त्या रुंद खटकीला वायरमन लोक अजून ईएलसीबी म्हणतात, पेटीवर मात्र आरसीसीबी लिहिलेलं असतं. जुन्या घरांत, विशेषतः गावठाणातल्या कौलारू घरांत, यातलं काहीच नसतं. लोखंडी पेटीत पांढऱ्या चिनी मातीचे दोन फ्यूज असतात, ज्यांना सगळेजण 'किटकॅट' म्हणतात.

एमसीबी आणि ईएलसीबी या दोन खटक्यांतला फरक एकदा नीट कळला की अर्धं काम झालं, म्हणून तो जरा सावकाश सांगते. एमसीबी वायरीला राखते. वायरीतून तिच्या ताकदीबाहेर प्रवाह जाऊ लागला, किंवा फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटून शॉर्ट झालं, तर ती पडते, म्हणजे वायर जळत नाही. पण ती माणसाला राखत नाही. सोळा अँपिअरची एमसीबी पडायला सोळा अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह लागतो, आणि बाई मरायला त्याचा पाचशेवा हिस्सा पुरतो. बाई फ्रिजला चिकटून राहील आणि एमसीबी शांतपणे वर उभी असेल. माणसाला राखते ती ईएलसीबी. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सतत मोजून पाहते. फरक पडला म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे, भिंतीतून, पत्र्यातून किंवा कुणाच्या अंगातून. घरगुती ईएलसीबीला ही गळती ३० मिलिअँपिअरच्या वर गेलेली चालत नाही, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात ती वीज तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातलेली होती. तरीही घर बांधताना टाइल्सवर लाखभर खर्च करणारे लोक ही दीड-दोन हजारांची खटकी 'उगाच पडत राहते' म्हणून गाळतात, किंवा लावलेली असली तरी वायर बाजूने फिरवून निकामी करतात. पडत राहते म्हणजे ती आपलं काम करते आहे.

तिच्यालाही मर्यादा आहेत हे सांगून ठेवते. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर तिला गळती दिसत नाही, ती वाचवत नाही. आणि वर्षानुवर्षं न हललेली खटकी आतून अडकून बसते. म्हणून तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. खटकी पडायलाच हवी. पडली नाही तर ती फक्त शोभेची आहे, बदलून घ्यायची. पाळीची तारीख जशी कॅलेंडरवर लिहितो तशी ही तारीखही लिहून ठेवा, असं मी पेणच्या बैठकीत म्हटलं तेव्हा फार हशा झाला, पण दोघीतिघींनी लिहिली.

आता लाइट गेली तर काय करायचं ते. आधी खिडकीतून शेजारी बघायचं. सगळ्यांचीच गेली असेल तर आपल्या बोर्डाला हात लावण्याचं कारण नाही, महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. फक्त आपली गेली असेल तर बोर्डाकडे जायचं, पण जाण्याआधी नाक, कान आणि डोळे वापरायचे. जळल्याचा वास येतो का? चरचर ऐकू येते का? झाकण काळवंडलंय किंवा गरम लागतंय का? बोर्डाच्या भिंतीवरून पाणी ओघळतंय का, पायाखाली पाणी आहे का? यातलं एकही असेल तर बोर्डाला हात लावायचा नाही. मुलांना घेऊन बाहेर यायचं आणि महावितरणला खांबावरून पुरवठा तोडायला सांगायचं. आपल्याकडे चार महिने पाऊस, भिंती ओल्या, वाऱ्यात खार. बोर्डाचे स्क्रू गंजतात, जोड सैल होतात आणि सैल जोड गरम होतो. ही जळकी घाण पेणच्या खारेपाटात राहणाऱ्या बायकांनी फार वेळा सांगितली.

सगळं कोरडं असेल तर हात पुसायचे, चप्पल घालायची, जमलं तर कोरड्या लाकडी पाटावर उभं राहायचं. एकच हात वापरायचा, दुसरा मागे. बोर्डाच्या अगदी समोर तोंड करून न राहता जरा बाजूला उभं राहायचं. कोणती खटकी पडली आहे ते बघायचं. पुष्कळदा ती पूर्ण खाली नसते, मध्येच लटकलेली असते, तीच पडलेली. नुसती वर ढकलली तर बसत नाही, आधी पूर्ण खाली ओढून मग वर करावी लागते.

बारीक खटकी, म्हणजे एमसीबी पडली असेल तर वर करण्याआधी त्या खोलीतल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढायचे, दिव्या-पंख्यांची बटणं बंद करायची. मग एकदा वर करायची. राहिली, तर एकेक वस्तू लावत जायचं. सगळं ठीक चाललं आणि इस्त्री लावल्यावर पडली, तर एकतर इस्त्री बिघडलेली आहे किंवा त्या वायरीवर फार ओझं झालं आहे. ओझ्याचा हिशोब अवघड नाही. २३० गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. सहा अँपिअरच्या खटकीवर साधारण १३८० वॅट चालतात. हजार वॅटची इस्त्री आणि दीड हजाराची पाणी तापवायची किटली एकाच वेळी लावली तर काही मिनिटांत ती पडणारच. किराण्याचा हिशोब तोंडी करणाऱ्या बायकांना हा काय अवघड?

आणि सगळे प्लग काढलेले असूनही खटकी लगेच पडली, तर दोष भिंतीतल्या वायरीत आहे. ती खाली ठेवायची आणि तशीच राहू द्यायची. पुन्हा पुन्हा वर करणं म्हणजे जळणाऱ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा काडी लावणं. बाकीच्या खोल्यांची वीज चालू राहू शकते, ती एक खोली वायरमन येईपर्यंत अंधारात.

रुंद खटकी, ईएलसीबी, पडली असेल तर रीत वेगळी. सगळ्या बारीक खटक्या खाली करायच्या, मग ईएलसीबी वर करायची. ती राहिली तर बारीक खटक्या एकेक करून वर न्यायच्या. ज्या खटकीला ती पुन्हा पडते, गळती त्या वाटेवर. मग ती बारीक खटकी खाली ठेवून तिथले प्लग काढायचे आणि पुन्हा एकेक लावून बघायचं. चोर बहुतेक वेळा गिझर, पाण्याचा पंप, कपड्यांचं यंत्र किंवा अंगणातला पावसात भिजलेला दिवा असतो. सगळ्या बारीक खटक्या खाली असूनही ईएलसीबी उभी राहत नसेल तर आपला शोध तिथे संपला. बारीक खटकी बहुधा फक्त फेज तोडते, न्यूट्रलमधला दोष तसाच राहतो, आणि तो शोधायला आतल्या वायरी सोडाव्या लागतात. ते वायरमनचं काम. झाकणाच्या आत आपण जायचं नाही, कारण मेन स्विच बंद असला तरी मीटरकडून येणारी त्याच्या वरची वायर जिवंतच असते. घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी सावध: मेन बंद केल्यावरही तो वीज देत राहतो.

एक लक्षण मुद्दाम वेगळं सांगते, कारण त्यात वेळ फार थोडा असतो. एका खोलीतला दिवा मंद, दुसऱ्या खोलीतला झगझगीत, पंखा अचानक भरधाव, असं झालं तर खांबावरचा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. अशा वेळी काही घरांत २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट येतात. बघत बसायचं नाही. मेन बंद, आणि १९१२.

हे सगळं शिकवताना मला सर्वांत जास्त प्रश्न आले ते पेणजवळच्या मूर्तीच्या कारखान्यांतून. हमरापूर, जोहे, कळवे इथल्या गणपतीच्या मूर्ती कुठे कुठे जातात ते सर्वांना ठाऊक आहे. त्या रंगवणारे, घासणारे, साच्यातून काढणारे हात कुणाचे, ते तितकंसं ठाऊक नसतं. पुष्कळ कारखाने म्हणजे घराला टेकवलेली शेड, वर प्लास्टिक, खाली ओली माती. काम जोरात येतं ते नेमकं आषाढ-श्रावणात, मूर्ती वाळत नाहीत म्हणून पंखे रात्रंदिवस चालू, रंग फवारायला कंप्रेसर, रात्रीच्या कामाला हॅलोजन. ही सगळी वीज घरातल्या एकाच बोर्डावरून एका लांबलचक वायरीने शेडमध्ये आणलेली असते, आणि त्या वायरीच्या टोकाचा बोर्ड मातीत पडलेला. सहा मोठे पंखे, पाचशे वॅटचे दोन हॅलोजन आणि एक हॉर्सपॉवरचा कंप्रेसर म्हणजे पंचवीसशे वॅटच्या वर. शिवाय कंप्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. दहा अँपिअरची खटकी पडते. ऑर्डर अंगावर असते, मालक वैतागतो, वायरमनला सांगतो, 'मोठी टाक.' तो बत्तीसची टाकतो. खटकी पडायची थांबते आणि सगळ्यांना वाटतं दुरुस्ती झाली. खरं तर भिंतीतली दीड चौरस मिलिमीटरची वायर आता तापत राहते आणि तिला थांबवणारं कुणी उरत नाही. फ्यूजच्या जागी तांब्याच्या जाड तारेचा पीळ भरण्याचा प्रकारही तोच. खटकीचा आकडा वायरीवरून ठरतो, आपल्या निकडीवरून नाही. शेडला वेगळी वायर, वेगळी खटकी, वेगळी ईएलसीबी हवी, आणि जोडणीचे बोर्ड जमिनीपासून वर टांगलेले हवेत. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने हे मालकाला कसं सांगायचं? एकटीने सांगितलं तर दुसऱ्या दिवशी काम जातं, हे मला माहीत आहे. म्हणून गटाने सांगायचं, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी, वैशाखात सांगायचं.

रोह्यातला प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे आजूबाजूला भाड्याच्या खोल्या पुष्कळ. दहा खोल्यांचा एक मीटर, बोर्ड मालकाच्या दारात, कुलपात. तिथल्या एका बाईची गोष्ट मी नाव-गाव न देता सांगते. नवऱ्यापासून वेगळी झाली, दोन मुलं घेऊन सासरच्याच घराच्या मागच्या खोलीत राहते, राहण्याचा हक्क सोडलेला नाही. मेन स्विच पुढच्या घरात, दिराच्या ताब्यात. भांडण झालं की रात्री मागची वीज जाते. सकाळी विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'खटकी पडली असेल.' मुलीची दहावी त्याच वर्षी. कितीतरी दिवस तिला स्वतःलाच कळत नव्हतं की हा बिघाड आहे की छळ. बैठकीनंतर तिने एक साधी गोष्ट केली. वीज गेली ती तारीख, वेळ आणि त्या वेळी काय काय चालू होतं, हे वहीत लिहू लागली. दीड महिन्यात दिसून आलं की इस्त्री चालू असताना कधीच जात नाही आणि फक्त दिवा चालू असताना, भांडणाच्या रात्री, नेमाने जाते. बिघाडाला भांडणाची तारीख कळत नसते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. घरातल्या गरजेच्या गोष्टींपासून आणि ज्या सोयी वापरण्याचा बाईला हक्क आहे त्यांपासून तिला तोडणं हे त्या व्याख्येत बसतं. अशी वही घेऊन संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दुसरा रस्ता विद्युत कायद्याचा. त्याचं ४३ वं कलम म्हणतं की जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तर वीज द्यावी लागते. म्हणजे घर नावावर नसलं तरी राहणारी बाई स्वतःच्या नावाने मीटर मागू शकते. राहत असल्याचा पुरावा लागतो, आणि मीटर मिळालं म्हणून घराची मालकी सिद्ध होत नाही, हे दोन्ही नीट समजून अर्ज करावा. घरमालक भाडेकरूची वीज तोडत असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं २९ वं कलम आहे, तो कायदा जिथे लागू आहे तिथे. थकबाकीसाठी महावितरणलाही पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. विधवा बायकांची बिलं वर्षानुवर्षं मेलेल्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर राहतात, ती वेळेवर बदलून घ्या. भावकीत वाद उभा राहिला की त्या कागदाची किंमत कळते.

जिल्ह्याच्या विजेचा इतिहास एका वाक्यात सांगायचा मोह होतोय. भिऱ्याचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९२७ सालचं, ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला त्याच्याच पाण्यावर चालणारं. त्यातून सुटलेलं पाणी कुंडलिकेतून रोह्याला येतं आणि वीज मुंबईकडे गेली. कुंडलिकेकाठच्या वाड्यांना दिवा दिसायला त्यानंतर कित्येक दशकं गेली.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपल्यापैकी बहुतेकजणी विसरलेल्या नाहीत. खांब आडवे झाले, दक्षिण रायगडातल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वादळात जपायचं ते आपण जपतो. वीज परत येते त्या दिवशी मात्र आनंदात सगळं विसरतो. लाइट गेल्यावर फ्रिज, पंप, टीव्ही यांच्या खटक्या खाली करून एकच दिवा चालू ठेवावा. तो नीट, स्थिर लागला की दहा मिनिटांनी बाकीचं. बोर्ड पुराच्या पाण्यात बुडाला असेल तर तो पुसून, उन्हात वाळवून चालत नाही. आतला गाळ आणि गंज दिसत नाही. भिजलेल्या खटक्या फेकून नव्याच बसवायच्या, आणि वायरमनने तपासल्याशिवाय मेन वर करायचा नाही. पंचनाम्यात बोर्ड आणि वायरिंगचं नुकसान लिहून घ्यायला सांगा, तांदूळ आणि कौलांच्या यादीत ते राहून जातं. रस्त्यात पडलेली तार मेलेली आहे असं कधीही धरू नका.

कुणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं तर धावत जाऊन त्याला धरायचं नाही. बायकांची पहिली ओढ तीच असते, मूल चिकटलं तर आई धरणारच, आणि मग दोघं जातात. आधी मेन बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून लांब, कोरड्या लाकडी काठीने तार किंवा हात दूर करायचा. (१९७२ च्या महागाईविरोधी मोर्चांपासून लाटणं आपलं हत्यार झालं खरं, पण इथे ते तोकडं पडतं.) मग १०८ ला फोन, आणि श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहणं. ते दाबणं एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं लागतं, वाचून येत नाही. अपघात झाला तर विद्युत निरीक्षकाला कळवायची तरतूद विद्युत कायद्याच्या १६१ व्या कलमात आहे. पोलीस पंचनामा करून मोकळे होतात, निरीक्षकाची चौकशी मात्र आपणच मागावी लागते. भरपाईचं भांडण पुढे त्याच कागदावर उभं राहतं.

वायरमन बोलवायचा तो परवानाधारक. त्याने काय केलं ते विचारायचं: कोणती खटकी काढली, किती अँपिअरची लावली, अर्थिंग मोजलं का, ईएलसीबीचं बटण दाबून दाखवा. वयाने मोठा असेल तर काका म्हणा, नाहीतर भाऊ म्हणा, पण विचारा. "ताई, तुम्हाला नाही कळायचं," असं म्हणाला तर, "कळेपर्यंत सांगा," म्हणावं आणि पैसे त्यानंतर द्यावेत. आणि कधीतरी तो वायरमन बाईच का असू नये? आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन्ही अभ्यासक्रम मुलींना खुले आहेत, महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ खांबावर चढून काम करतात. तरी दहावीनंतर मुलीला शिवणकामाला पाठवायचं आपल्या गटातल्या बायकाही अजून सहज ठरवतात. स्वयंपाकघरात शिरलेल्या परक्या पुरुषासमोर अवघडून उभं राहणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या कितीतरीजणींनी मला सांगितलं की दुरुस्तीला बाई आली असती तर आम्ही सहा महिने चिमटे खाल्ले नसते.

पेणजवळच्या एका बचत गटाने पापडांच्या पैशांतून यंदा एक ठराव केला आहे. ज्या घरात चिमटा बसतो त्या घराला ईएलसीबी आणि अर्थिंगसाठी बिनव्याजी कर्ज, हप्ता महिना दोनशे. पहिल्या अर्जावर नवऱ्याची सही हवी का, यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला. नको असं ठरलं. आतापर्यंत पाच अर्ज आले आहेत, त्यांतले दोन सासूबाईंचे.